सुपारीच्या सतरा चकत्या

“कडेला धरायचं, आई. तोंडाला बोट लागता कामा नये.”

मुलाचे हे शब्द नर्मदाबाईंना रोज पहाटे आठवत, तसे आजही आठवले. त्यांनी ओले हात आधी पदराला पुसले. मग देवघरातली, नाणी बसवायची निळ्या पुठ्ठ्याची घडी उघडून, तिच्या एका गोल खळग्यातलं तांब्याचं नाणं नखाने उचकून, अंगठा आणि मधलं बोट यांच्या चिमटीत कडेला धरून अलगद वर काढलं. नाण्यावरच्या दाढीवाल्या माणसाच्या तोंडाला बोट लागलं नाही.

रिकाम्या झालेल्या खळग्यात त्यांनी सुपारीची चकती बसवली. चकती रात्रभर भिजवलेल्या सुपारीची, अडकित्त्याने बेताने कापलेली होती. थोडी घट्ट होती, पण अंगठ्याने दाबल्यावर बसली.

“जागा राख हो,” त्या चकतीला हळूच म्हणाल्या.

पूजेत गणपतीची मूर्ती नसली तर तिथे सुपारी मांडतात. यजमानाची बायको माहेरी असली तर त्याच्या कमरेला सुपारी खोचून भटजी कार्य उरकतात. जे हजर नाही त्याच्या जागी सुपारी, हे नर्मदाबाईंनी लहानपणापासून पाहिलेलं. तेव्हा खळगा मोकळा सोडून देवघरातून उठणं त्यांच्या मनाला येईना. घडीतला एक खळगा तर मुळातच रिकामा होता. पहिल्या दिवशी त्यांनी आधी त्यात चकती बसवली, आणि मगच बाकीच्यांकडे वळल्या.

नाणं तांब्याच्या गडूत टाकून त्या मागच्या दाराने बाहेर पडल्या. पानवेलींच्या मांडवाखालून, पाटाच्या कडेकडेने, केळवे गावाच्या त्या टोकाला असलेल्या महादेवाकडे निघाल्या. तोंडाने काही बोलायचं नव्हतं. व्रतच तसं होतं. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत रोज सूर्य उगवायच्या आत पिंडीवर गडूभर पाणी आणि एक तांब्याचं नाणं वाहायचं, आणि घरातून निघाल्यापासून पाणी घालेपर्यंत मौन. मागणं एकच होतं: कृष्णकांतची नोकरी पक्की होऊ दे.

कृष्णकांत हा त्यांचा एकुलता एक. तारापूरला समुद्राच्या काठी विजेचा मोठा कारखाना उभा राहत होता. त्यासाठी अमेरिकेहून माणसं आली होती, बायकामुलांसकट बंगल्यांत राहत होती. तिथल्या सामानाच्या गोदामात कृष्णकांत दोन वर्षं हंगामी कारकून होता. पहाटे सायकलने स्टेशन गाठायचा, गाडीने बोईसर, आणि पुढे ट्रकमध्ये उभ्याने कारखाना. दर तीन महिन्यांनी त्याला पुढच्या तीन महिन्यांचा कागद मिळे. तो कागद मिळेपर्यंतच्या आठवड्यात त्याला जेवण जात नसे.

व्रतासाठी नर्मदाबाईंनी एकशेवीस तांब्याचे पैसे वर्षभर डब्यात साठवले होते. पण यंदा अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. वरचे पैसे मिळतील कुठेही, असं त्यांना वाटलं होतं. तोवर सरकारने पैसाच ॲल्युमिनियमचा करून टाकला.

“काकी, तांब्याचे आता येतच नाहीत,” बाजारातला वाणी म्हणाला होता. “येतात ते भांडीवाले उचलतात. हा नवा न्या की. कोराकरकरीत हाय.”

नर्मदाबाईंनी नवा पैसा तळहातावर घेऊन पाहिला. हातावर काही ठेवलंय असंच वाटेना. पिंडीवर ठेवला तर उदबत्तीच्या धुरानेसुद्धा सरकला असता. त्यांनी तो वाण्याला परत दिला आणि त्याचे खडीसाखरेचे दोन खडे घेतले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कृष्णकांत कारखान्यातून ती निळी घडी घेऊन आला. छातीशी धरून आणली होती, जशी काही तान्ही पोर. ती त्याच्या वॉल्टरसाहेबांची होती. साहेब रजेवर मायदेशी निघाले होते, त्यांच्या बंगल्याला रंग द्यायचा होता, आणि समुद्राच्या दमट वाऱ्याने नाणी खराब होतात म्हणून कोरड्या जागी ठेवायला त्यांनी ती कृष्णकांतच्या हाती दिली होती. इतरांना नाही, कृष्णकांतच्या. हे त्याने जेवताना तीनदा सांगितलं.

“यांचा एक सेंट म्हणजे आपला पैसा समज,” तो आईला म्हणाला. “एकोणीसशे नऊपासून चाळीसपर्यंत, दर सालचा एक. साहेबांच्या वडिलांचं वाणसामानाचं दुकान होतं. सात वर्षांचे असताना साहेबांनी गल्ल्यातून हा पहिला उचलला. तेव्हापासून जमवतायत. विकत घ्यायचं नाही, हाती येईल ते ठेवायचं, असा त्यांचा नेम आहे. एकतीस सालचा अजून हाती आलेला नाही, म्हणून तो खळगा रिकामा.”

नेम हा शब्द ऐकून नर्मदाबाईंनी घडीकडे नीट पाहिलं.

“काळवंडलीत रे. चिंच लावून देऊ का?”

“नको, नको. घासायचं नाही, पुसायचं नाही. हातही लावू नको. लावायचाच झाला तर कडेला धरायचं, तोंडाला बोट लागता कामा नये.”

घरातली सगळ्यात कोरडी जागा म्हणजे देवघर. तिथे समई दिवसरात्र तेवत असे. कृष्णकांतने स्वतःच्या हाताने घडी बाळकृष्णाच्या शेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी दसरा. त्याच्या बायकोने, सुलूने, कोयता, अडकित्ता, सायकल आणि नवऱ्याचं पेन यांची पूजा केली, तेव्हा निळ्या घडीलाही हळद-कुंकू लावून वर झेंडूचं फूल ठेवलं. साहेबांचं म्हणजे नोकरीचंच, असा तिचा हिशेब.

दसऱ्यानंतर चौथ्या पहाटे नर्मदाबाईंनी पैशांचा डबा उघडला, तो रिकामा. त्या देवापुढे बसून राहिल्या. बाहेर कोंबडा आरवला. तांबं कुठून आणू, असं त्यांनी बाळकृष्णाला विचारलं, आणि समईच्या उजेडात बाळकृष्णाशेजारी, हळद-कुंकू लावलेल्या घडीत, ओळीने तांबंच तांबं दिसलं.

ओळीतल्या पहिल्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. पहिला मान गणपतीचा.

महादेवाचा गुरव वामन पिंडीवरचं नाणं उचलून रोज उजेडात न्यायचा.

“हा दाढीवाला कोण म्हणायचा, काकी?”

“असेल कोणी ऋषी.”

“ऋषीला कोट?”

“थंड मुलूख असेल त्यांचा.”

वामनने नाणं उलटं केलं. मागे दोन लोंब्या वाकून उभ्या होत्या. “धान्य हाय म्हणजे देवच असणार,” असं म्हणून त्याने ते घंगाळात टाकलं. व्रताची नाणी उद्यापनापर्यंत त्या घंगाळात राहत. ती टाकण्यापूर्वी वामन त्यांना चिंच आणि राख लावून लख्ख घासत असे. देवाला वाहिलेलं तांबं काळं ठेवलं तर लोक गुरवाला नावं ठेवतात. घासायचं नाही हे नर्मदाबाईंना सांगितलेलं होतं. वामनला कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि देवळातलं काम त्याचं, त्यात त्या बोलत नसत.

घरात सुपारी कोणी खात नाही आणि सासूबाई मात्र रोज संध्याकाळी एक भिजत घालतात, हे सुलूच्या लक्षात आलं होतं. पण व्रताच्या दिवसांत विचारू नये म्हणून तिने विचारलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी जीपचा ड्रायव्हर चिठ्ठी देऊन गेला. वॉल्टरसाहेब परत आले होते. उद्या सकाळी ते स्वतः केळव्याला येणार होते. दिवाळी पाहतील आणि घडी घेऊन जातील.

कृष्णकांतने हात धुतले, घडी ओटीवर आणली आणि उघडली. बराच वेळ तो पाहत राहिला. मग त्याने नाक जवळ नेलं.

“आई, ही सुपारी आहे.”

“हो. आपल्याच वाडीतली हाय,” नर्मदाबाई करंजीची कड मुडपत म्हणाल्या.

“नाणी कुठं आहेत?”

“महादेवाकडं.”

तो भिंतीला टेकला. “सगळी?”

“सगळी कशी? रोज एक. सोळा झाली.”

“तुला मी सांगितलं होतं ना गं!”

“सांगितलंस तसंच केलं. कडेला धरलं. एकाच्याही तोंडाला बोट लावलं नाय.”

आत चुलीपुढे सुलूने पदराचा बोळा तोंडात कोंबला. कढईतली करंजी जास्त तांबूस झाली.

“आई, ती माझी नव्हती.”

“तुझी नव्हतीच. तू देवापुढं ठेवलीस, हिने हळद-कुंकू लावलं. देवाची झाली. मी ती ह्या घरातून त्या घरात नेली, एवढंच.”

“माझ्या नोकरीचं पत्र साहेब लिहिणार होते. परत आलो की लिहितो म्हणाले होते. उद्या ते इथं येऊन सुपारी बघणार.” कृष्णकांतने घडी मिटली. “हाताखालचा माणूस नाणी सांभाळू शकत नाही, तो गोदाम काय सांभाळणार?”

“नोकरीसाठीच तर वाहिली रे.”

तो उठला आणि भिंतीवरचा कंदील काढू लागला.

“कुठं निघालास?”

“देवळात. आणतो परत.”

“नाय.” नर्मदाबाईंचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही. “पिंडीवर वाहिलेलं घरी आणायचं नाय. साडेचार महिने पाण्यात जातील.”

कृष्णकांत कंदील हातात घेऊन उभाच राहिला. काच पुसायची राहिली होती, ती तो धोतराच्या सोग्याने पुसत राहिला, तीच जागा पुन्हा पुन्हा. दर तीन महिन्यांनी, कागद येईपर्यंतच्या आठवड्यात, तो असाच काहीतरी पुसत बसायचा. नर्मदाबाईंनी करंजी अर्धीच ठेवली, हाताचं पीठ झटकलं आणि त्याच्या हातातला कंदील काढून घेतला.

“तू बस. मी जाऊन येते.”

वामन आपल्या अंगणात दोरीवरचे बोंबील काढत होता. नर्मदाबाईंना पाहून त्याने टोपली मागे सरकवली.

“परत मागायला आले नाय,” त्या म्हणाल्या. “विचारायला आले. देवाला वाहिलेलं घरी न्यायचं नाय. पण देवाने प्रसाद म्हणून कोणाला दिलं, तर?”

“प्रसाद फुलाचा देतो आमी. नारळाचा देतो. पैशाचा प्रसाद माझ्या आज्यानेही दिला नसेल. उद्या सगळं गाव ओंजळ करून उभं राहील.”

“गावाला नको. ज्याचं होतं त्यालाच.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. वामनने ऐकून घेतलं, मध्ये दोनदा कपाळाला हात लावला.

“तो साहेब देवळात बूट काढेल?”

“काढेल.”

“आणि खातो काय, पितो काय, कोणाला ठाऊक. त्याला सभामंडपात घ्यायचं म्हणजे—”

“वामन, तू आज काय खाणार हायस?”

वामनने टोपलीकडे पाहिलं नाही. “उद्या आंघोळ करून आणा म्हणजे झालं,” तो म्हणाला.

सकाळी जीप आली. वॉल्टरसाहेब उंच, मान उन्हाने भाजलेली, हातात सुलूसाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. कृष्णकांतने रात्रभर एक वाक्य इंग्रजीत जुळवलं होतं. ते त्याने ओटीची पायरी चढायच्या आत म्हणून टाकलं, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता.

“सर, तुमची नाणी देवाला भेटायला गेली आहेत.”

साहेबांनी ते दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा कृष्णकांतने घडी उघडून पुढे धरली. साहेबांनी एका चकतीला बोट लावलं, ते बोट नाकाशी नेलं, आणि कृष्णकांतकडे पाहिलं. मग सगळे मिळून पानवेलींच्या मांडवाखालून देवळाकडे निघाले. नर्मदाबाई पुढे. हातात गडू, पण आज त्यात नाणं नव्हतं; पहाटे वेळेतही त्या नुसतं पाणीच घालून आल्या होत्या. त्या काही बोलत नव्हत्या म्हणून मागचेही बोलले नाहीत.

पिंडीवर पुन्हा नुसतं पाणी घालून त्या बाजूला झाल्या. वामन अंगावर स्वच्छ उपरणं घेऊन, घंगाळ पुढ्यात ठेवून बसला होता. साहेबांनी बूट काढले, मोजेही काढले. वामनने पहिलं नाणं बेलाच्या पानावर ठेवून पुढे केलं. साहेबांनी दोन बोटांची चिमटी केली आणि कडेला धरायला हात नेला.

वामनने हात मागे घेतला.

“प्रसाद चिमटीत घेतात होय? ओंजळ करा म्हणावं. उजवा वर, डावा खाली.”

कृष्णकांतने सांगितलं. साहेबांनी ओंजळ केली. एकामागून एक सोळा नाणी, ओल्या बेलाच्या पानांसकट, त्यांच्या तळहातावर पडली. एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडावर. दारातून कोवळं ऊन आत आलं होतं, आणि त्या उन्हात ती नाणी कालच टांकसाळीतून निघाल्यासारखी झगझगत होती. कृष्णकांतने डोळे मिटून घेतले.

साहेब एक छोटासा शब्द बोलले.

“काय म्हणाले?” नर्मदाबाईंनी विचारलं.

“काही नाही. आवडली म्हणाले.”

नर्मदाबाईंनी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. “आवडलेली दिसत नायत.”

साहेब पायरीवर बसले. नाण्याच्या लोंब्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला, तोंडावरूनही फिरवला. आता काय राहिलं होतं जपायला. मग ते संथपणे बोलत राहिले आणि कृष्णकांत मान खाली घालून आईला सांगत राहिला. घासलेलं नाणं संग्रहात मोजत नाहीत. तो काळा रंग म्हणजे मळ नव्हे. ते नाणं किती हातांतून, किती खिशांतून फिरलं, ते त्या रंगात राहतं. तो एकदा गेला की परत येत नाही.

वामन चिंचेचं वाटीभर पाणी हळूच खांबाआड सरकवू लागला.

नर्मदाबाईंनी गडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, “चूक झाली. सांग त्यांना. माझी झाली, तुझी नाय.”

कृष्णकांतने सांगितलं.

“आणि हेही सांग. आमच्या बाळकृष्णाला माझ्या सासूने घासलं, तिच्या सासूने घासलं. आता त्याला नाक उरलं नाय. पण हात फिरवला की आमाला कळतं, हा आमचाच.”

हे इंग्रजीत न्यायला कृष्णकांतला बराच वेळ लागला. नाक या शब्दापाशी त्याने स्वतःच्या नाकाला हात लावून दाखवला. साहेबांनी ऐकलं, मान दुसरीकडे वळवली आणि खोकले. खोकला जरा लांबला. परत वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या, आणि ते हसू होतं की काय, ते मात्र कोणालाच सांगता आलं नसतं.

त्यांनी घडी मांडीवर घेतली. एकेक चकती काढायची, तिथे नाणं बसवायचं. सोळा नाणी बसली. सोळा चकत्या पायरीवर राहिल्या. एकतीस सालच्या खळग्यातली सतरावी काढायला त्यांनी नख लावलं, आणि ती तशीच राहू दिली.

“ह्यांचं काय करायचं?” त्यांनी पायरीवरच्या चकत्या दाखवल्या.

“खायच्या नायत, टाकायच्याही नायत,” नर्मदाबाई म्हणाल्या. “त्यांनी जागा राखली. जवळ असू द्या.”

साहेबांनी चकत्या सदऱ्याच्या खिशात घातल्या. मग त्यांना काहीतरी आठवलं.

“एकतीस नाण्यांमधलं रोज कुठलं घ्यायचं, ते त्या कशा ठरवत होत्या?”

“मन ज्याच्यावर बसलं ते घेतलं,” नर्मदाबाई म्हणाल्या. “नावडतं वाहिलं तर ते व्रत कसलं?”

“आणि अजून किती दिवस?”

“आज अमावास्या. एकादशीपर्यंत बारा.”

साहेबांनी पॅन्टच्या खिशातली चिल्लर पायरीवर ओतली आणि तिच्यातून तांब्याचे सेंट वेगळे काढले. नव्या सालचे होते ते, त्यांच्या संग्रहात न बसणारे. बरोबर अकरा निघाले. वामनने एक नाणं उचलून उलटं केलं. मागे लोंब्या नव्हत्या, खांबांची लांबलचक इमारत होती.

“ह्याच्यावर तर देऊळच हाय,” तो म्हणाला. “लोंबीपेक्षा हे बरं.”

आजचं, पहाटे राहिलेलं नाणं तिथल्या तिथे पिंडीवर वाहिलं गेलं. राहिले दहा, आणि ते पुरणार दशमीपर्यंत. एकादशीचं राहिलं.

“बारावं मी आणीन,” साहेब म्हणाले. “त्या दिवशी सूर्य उगवायच्या आत.”

कृष्णकांतने हे सांगितलं तेव्हा नर्मदाबाईंनी हात जोडले. “त्यांना म्हणावं, कामाची माणसं तुमी. नाय जमलं तर मनाला लावून घेऊ नका.”

घरी आल्यावर त्यांनी पूजेची तांब्याची पळी घासून फळीवर वेगळी काढून ठेवली. एकादशीला कोणी आलं नाही, तर तीच वाहायची. पत्राचा विषय त्या दिवशी साहेबांनी काढला नाही. कृष्णकांतनेही काढला नाही. पुढचे दहा दिवस तो गोदामातून आला की कंदिलाची काच पुसत बसे.

दशमीच्या रात्री नर्मदाबाईंनी डब्यात पाहिलं. डबा रिकामा होता. त्यांनी पळी गडूत घालून ठेवली आणि लवकर निजल्या.

एकादशीच्या पहाटे तारापूरच्या बंगल्यांच्या रांगेत एकाच खिडकीत दिवा होता. वॉल्टरसाहेब दाढी करून, आंघोळ करून टेबलाशी उभे होते. टेबलावर तीन नवे सेंट होते, शेजारच्या बंगल्यांतून आदल्या संध्याकाळी मागून आणलेले. त्यांच्या बाजूला टाइपरायटर, आणि त्यात कृष्णकांतच्या नावाचा कागद अर्धा टंकलेला.

साहेबांनी तीन सेंटांपैकी एक नाणं उचललं. उलटं करून त्याच्यावरची इमारत पाहिली. मग ते खाली ठेवलं आणि निळी घडी उघडली. सोळा नाणी झगझगत होती, पंधरा काळवंडलेली होती, एक सुपारी होती. ओळीतलं पहिलं, वडिलांच्या गल्ल्यातलं नाणं काळ्यांपैकी होतं. त्याला अजून चिंच-राख लागली नव्हती.

त्या खळग्यापाशी ते बराच वेळ थांबले. शेवटी त्यांनी रुमालाला हात पुसले, नखाने नाणं उचकलं आणि कडेला धरून वर काढलं. सदऱ्याच्या खिशातून सुपारीची एक चकती काढली, रिकाम्या खळग्यात बसवली आणि अंगठ्याने दाबली.

दाराशी बूट होते. ते त्यांनी तसेच ठेवले आणि रबरी चपला पायात सरकवल्या.

फाटकावरचा पहारेकरी झुंबर घोंगडी सावरत उठला. “साब, इतनी सुबह? किधर?”

साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं, नाण्याची चिमटी सैल होऊ न देता जीपमध्ये चढले, आणि उजाडायच्या आत केळवं गाठायचं म्हणून एका हाताने गाडी बोईसरच्या रस्त्याला वळवली.